अनामिकेवरचा थेंब

फाटकावर रोज सकाळी माझं बोट मागतात.
काचेवर टेकवलं की दार उघडतं,
मग दुसरं दार, मग किल्ल्या, मग तिसरं.
खोलीत पोचले की
मी दिवसभर इतरांची बोटं मागते.

हल शहराच्या टोकाला, गोदीच्या मागे, हा तुरुंग.
वारा फिरला की कोठड्यांतून
जुन्या बर्फाचा, माशांचा वास.

गुरुवारी रक्त.
पाच थेंब, कागदावरच्या पाच वर्तुळांत.
टोचायचं करंगळीशेजारच्या बोटाला.
इथले लोक त्याला अंगठीचं बोट म्हणतात.
माझ्या भाषेत ती अनामिका.
नाव नसलेली.
इथे दार लोटून येणाऱ्याला
तेवढंच एक बोट परवडतं.

दाढ दुखते म्हणून आलेला माणूस
दाढेबद्दल बोलत नाही.
मीही विचारत नाही. खण उघडते,
कागदी पिशवीत निरोधची दोन पाकिटं
आणि वर वेदनाशामक गोळ्यांची एक पट्टी,
दाढेची अब्रू राखायला.
नियम असा, की वापरलेलं परत आणा, नवं न्या.
ज्यानं हा नियम लिहिला
त्याला एक रात्र दोघांच्या कोठडीत
तिसरा म्हणून झोपवावं.

मॉरिस टँफील्ड. वय अठ्ठावन्न. लाद्या पुसतो.
अकरा वर्षं रोज एक गोळी.
त्याच्या अहवालावर येणारा शब्द
मी एकदा परतीच्या बसमध्ये मराठीत करून पाहिला:
सापडत नाही.
विषाणू आहे, पण सापडत नाही,
आणि असा न सापडणारा
अंगसंगातून दुसऱ्याकडे जात नाही.
मला बसमध्येच हसू फुटलं.
अख्ख्या इमारतीत एकूण एक सापडलेला,
मॉरिसच्या रक्तातला तेवढा फरार!
तरी रात्रपाळीचा एक शिपाई
त्याच्या अंगाला हात लावताना
दोन-दोन मोजे चढवतो.
"चहा मात्र माझ्याच हातचा पितो," मॉरिस म्हणतो.

मार्चमध्ये त्यानंच एका पोराला दंडाला धरून आणलं.
ब्रॅडी स्कॉफिल्ड. वीस पुरे व्हायचे होते.
मनगटावर ताजं, सुजलेलं, वाकडं 'इस्ला',
अजून न पाहिलेल्या लेकीचं नाव.
गिटारची तार, दाढीच्या यंत्राची मोटर,
जाळलेल्या बुद्धिबळातल्या उंटाची काजळी.
तार त्याच्याआधी चौघांच्या कातडीतून आलेली.
"किटलीतल्या पाण्यात बुडवली होती," तो म्हणाला.
मॉरिस काही बोलला नाही.
खुर्ची ओढून दिली.

रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानात
नव्या सुया फुकट मिळतात.
भिंतीच्या आत सुईला परवानगी नाही,
म्हणजे सुई नाही, असं कागदावर धरलंय.
जी नाही तिच्यातून जे पसरतं
त्याच्यासाठी माझी नेमणूक.

पहिल्या खेपेला काही दिसलं नाही.
पण इतक्यात दिसतही नाही, मी म्हटलं,
तीन महिन्यांनी पुन्हा ये.
"तीन महिने?" तो हसला.
"मिस, माझ्याकडे साडेचार वर्षं आहेत."

जूनमध्ये स्वतःहून आला.
अनामिका पुढे केली. मान वळवली नाही.
पाचवा थेंब वर्तुळाबाहेर ओघळला,
तर म्हणाला, "सॉरी."

सोमवारी पहाटे व्हॅन आली,
त्याला डोंगरांपलीकडच्या कुठल्याशा तुरुंगात हलवलं.
निकाल बुधवारी आला.

तिकडे फोन लावलाय. कुणी शिपाई म्हणतो,
काय आलंय ते सांगा, मी निरोप देतो.
नाही देत म्हटलं. नर्सला जोडा.
नर्स जेवायला गेलीय.

मॉरिस दारात फडकं घेऊन उभा,
कोरडीच लादी पुन्हा पुसतोय.
काय आलं, असं फक्त डोळ्यांनी.
त्याला नाही सांगितलं.
तुम्हालाही नाही सांगणार.
ज्याचं रक्त, त्याचा निकाल.

रिसीव्हर कानाशी आहे.
तिकडे कसलंसं संगीत लावून ठेवलंय.