सोनाराचा काटा

मारेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात
अठ्ठावीस वर्षं परिचर होतो मी.
मेल्या जनावराची कवटी फोडायचं काम माझंच:
करवत, छिन्नी, नाकावर दुपट्टा.

टेकाम मॅडम आल्या त्या साली
वजनांचं खूळ निघालं.
बैल ट्रॉलीत घालून जिनिंगच्या काट्यावर नेला,
कापसाच्या गाड्यांमागे नंबर लावून.
मेंदू मात्र रघोजी सोनाराकडे.
"मंगळसूत्रं तोलतो मी ह्याच्यावर, मॅडम,
काहून बट्टा लावता?"
मग पारड्यात केळीचं पान, दोन्हीकडे सारखं.

बैल साडेचार क्विंटल, मेंदू हजारातला एक वाटा.
बकरी तीस किलो, मेंदू सव्वाशे ग्रॅमच्या आत.
वर्धेतली मरळ किलोभर,
तिचा अर्धा ग्रॅमही भरेना.
आणि उंदीर! तीन गुंजा मेंदू,
पण अंगाच्या मानानं पाहिलं
तर माझ्याइतकाच.
"मग उंदीर हुशार की मी?" विचारलं.
मॅडम हसल्या. म्हणाल्या, अंग आठपट झालं
की मेंदू चौपटच होतो, कवडूभाऊ,
लहानाला वाटा मोठाच लागतो.

त्यांच्या कागदावर दर घराला दहापट चढायची.
त्यावर दोन तिरप्या रेघा:
खाली मासे, बेडूक, सरडे,
वर केसांचे नि पिसांचे.
रेघेपासून फार उंच एक फुली.
"हे तुम्ही," म्हणाल्या.
मी चष्मा पुसून पाहिली.

कावळा तेवढा मिळत नव्हता.
एक दिवस डीपीवर चिकटून खाली पडला.
मी पाय धरून उचलला,
निंबावर त्याचं अख्खं गणगोत बघत होतं.
आठ ग्रॅम.
कोंबडी सातपट जड, तिचा साडेतीन.

दुसऱ्या दिवशी टोच. नेमकी माझ्या टाळूवर.
दवाखान्यात माणसं सतरा, टोच मला एकट्याला.
खाकी बदलली, टोपी घातली,
दुसऱ्याची सायकल नेली.
मॅडमची बदली झाली भंडाऱ्याला,
निंबाच्या दोन फांद्या तुटल्या,
मी रिटायर झालो.
त्या दिवशी जे अंड्यातही नव्हते
तेही आता येतात.
कोणीतरी त्यांना सांगितलं असंल.

मी खालून बघतो.
सगळे सारखेच काळे.

बायको म्हणते, छत्री नेत जा.
नेतो.
आता ते छत्रीलाही ओळखतात.