डावीकडची ज्वाळा

फेब्रुवारीतल्या वादळाने पश्चिमेच्या खिडकीचा एक तुकडा खाली टाकला.
काच नव्हे, काचा आधीच सोडवून नेल्या होत्या शिसं बदलायला.
दगड. सहावी ज्वाळा, डावीकडून,
माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब.

कँपेरहून आराखडा आला, संगणकावर काढलेला:
उजवी बाजू उलटून डावीवर ठेवलेली.
केसाचाही फरक नाही.

मी पडलेले तुकडे वाळूच्या खोक्यात जुळवले,
आराखड्यावरून कापलेला जस्ताचा साचा वर ठेवला.
बोटभर दगड बाहेर उरला.
पाचशे वर्षं ही ज्वाळा पोटाशी जाड होती
आणि कुणी काही बोललं नव्हतं.

म्हातारा तांगी, ज्याने मला छिन्नी धरायला शिकवली
(त्याआधी दोन वर्षं नुसती धार लावायला),
म्हणायचा, पोरी, आपण दगड कोरत नाही,
भोकं कोरतो.
दगड उरतो.

परांचीवर चढून मी रिकाम्या जागेत हात घातला.
सातवी ज्वाळा किंचित मागे सरलेली,
आठवीने मान वाकवलेली,
वरच्या कळीने तर अर्धी पाकळीच गिळलेली,
बाकावर उशिरा आलेल्या जाड माणसाला
सगळी रांग न बोलता जागा करून देते, तशी.

इंजिनिअर केर्व्हेला फोनवर म्हणाले,
मूळ रेखाटन निर्दोषच असणार.
असेल, मी म्हटलं.
खिडकी रेखाटनावर उभी नाहीये.

केर्सांतों खाणीतून निघतो तेव्हा ओल्या साबणासारखा असतो,
मग हवा लागली की हट्टी होत जातो.
अकरा दिवस लागले.
पोटाशी आलं की माझा हात आपोआप
सुधारायला बघायचा.
तेच जड गेलं, त्याच्या हाताने चुकणं.
त्या दिवशी त्याला ताप असेल,
खालून मुकादम ओरडत असेल,
दगडात तिथेच गाठ असेल,
नाहीतर त्याला ती तशीच हवी असेल.

मे महिन्यात चुना वाळला. काचा परत आल्या.

सोआझिग, जी शनिवारी फरशी पुसते,
वर न बघताच म्हणाली, झालं का एकदाचं?
काय बदललंत?
काही नाही, मी म्हटलं.

उतरत्या उन्हात सावली फरशीवर आली होती,
सोळा ज्वाळा, त्यातली एक पोटाळलेली.
सोआझिगने तिच्यावरून फडकं फिरवलं
आणि बादली पुढे सरकवली.
ओल वाळेपर्यंत
ज्वाळा बाकांखाली गेल्या होत्या.