तीस जोड्या

व्लिसिंगनचा किनारा मी पाहिलाच नाही.
मी स्टोकर. दोन एंजिनांच्या मधे वाकून बसलेला,
डोक्यावर लोखंडी झाकण.

आमच्या बोटीचं बूड सपाट.
बाकीच्या बोटी ज्याला भितात
तो तळ गाठणं, एवढंच हिचं काम.

गाळ खरवडला की ट्रेन्चर्ड ओरडायचा,
साखळी खडखडायची, पुढचं दार पाण्यात पडायचं,
मग बूट. तीस जोड्या.
जोडीजोडीनं बोट हलकी होत वर यायची,
ते माझ्या गुडघ्यांना आधी कळायचं.

ब्रेस्केन्सहून दोन खेपा अशा झाल्या.
तिसऱ्या खेपेला बूट एकविसावर थांबले.
बोट पुरती उचललीच नाही.
"मागे घे," नळीतून ट्रेन्चर्डचा आवाज,
चहा मागावा तसा.
मी घेतली.
वर कुणाचं तरी हेल्मेट
अख्खी खाडीभर इकडून तिकडे घरंगळत होतं.

आता पोलरुअनला फेरीबोट हाकतो.
बायका, सायकली, माशांच्या टोपल्या.
माणसं उतरतात, गुडघे मोजतात.

काल एक पोरगी मागच्या बाकावर
झोपून राहिली होती.
तिच्या आईला मी हाक मारली.
केवढ्यानं, ते
धक्क्यावरचे सगळे वळले तेव्हा कळलं.