परीटघडी

फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते.
लष्करात मोडी वाचणारे आता दोघेच,
त्यातल्या रानवलकरांना मोतीबिंदू. म्हणून मी.

दौलतगंजातली जुनी कचेरी, आता हॉटेल.
गोल जिना तोच, दगडाला पॉलिश.
नाझर बसायचा तिथे काशाच्या घंगाळात
पाण्यावर कमळं,
आणि चिमट्यात थंड रुमाल धरून एक मुलगा:
"वेलकम, आंटी."

खोली क्रमांक सात. नाव दफ्तर स्वीट.
रात्रीचे अठरा हजार, न्याहारी धरून.
पलंगाच्या उशाशी सोनेरी चौकटीत
एक पिवळा कागद,
उलटा.

दोन वर्षं उलटा.
मोडीत आधी रेघ ओढतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मग तिला अक्षरं लटकवत जातात
दोरीवर कपडे घालावेत तशी.
इथे ती रेघेच्या वर बसली होती,
तारेवरच्या साळुंक्यांसारखी.
"गेस्टना फार आवडतं," मॅनेजर म्हणाला.
"काही शायरी असेल ना, मॅडम? राणीचं पत्र वगैरे?
कार्डावर चार ओळी छापायच्यात."

चौकट उतरवून खिडकीशी नेली.
चष्मा पुसला, पदरानेच; रुमाल ओला होता.

अर्जी. तुळसा कोम रामा परीट.
कचेरीतील गाद्यालोडांचे अभ्रे, बैठकीच्या चादरी
पौषापासून चैत्रपावेतो धुऊन दिल्या.
रिठे, खार, लाकूडफाटा पदरचा.
पैकी येणे रुपये चार, आणे सहा.
दादला अंथरुणास खिळोन आहे. पोर तान्हे.
कृपा जाहली पाहिजे.
आणि समासात दुसऱ्या हातचा शेरा,
ठसठशीत, शाईची काटकसर नाही:
चौकशी करून पाहता येईल.

मोठ्याने वाचलं सगळं.
पलंगावरची चादर इतकी पांढरी, इतकी ताठ
की टेकायचं धाडस होईना.

तो थोडा वेळ गप्प होता. वाईट मुलगा नाही;
मुरैन्याचा, आई गावी एकटी,
हे नंतर जिन्यात सांगितलं त्याने.
मग म्हणाला, "कार्डावर आपण
'संस्थानकाळातील दुर्मिळ पत्र' एवढंच टाकू?"
टाका, म्हटलं. खोटं नाही ते.
फक्त सुलटं लावा.

खिळा तोच. इलेक्ट्रिशियनने हूक फिरवला.
इतके दिवस छताकडे असलेला कोपरा
उशीच्या उंचीला आला:
निशाणी, डावे हाताचा आंगठा.
कडेला चार-दोन रेषा,
मधोमध नुसतं काळं, गुळगुळीत,
खाराने झिजलेलं.
"हा डाग ना, मॅडम? साफ करवून घेऊ?"

राहू दे, म्हटलं, सही आहे ती.

खाली उतरताना कठड्यावर हात ठेवला
तर माझ्या अंगठ्याच्या नखात
मटाराचं हिरवं, अजून.