आवर्तन

एकतीस वर्षं मी पाटकरी होतो.
पाणी मोजलं. क्युसेकमध्ये,
पट्टीवरच्या रंग उडालेल्या फुटांमध्ये,
कधी नुसतं कानानं:
रात्री दोनला गेटचा आवाज बदलला
की उठून चप्पल शोधायची.
पण पाण्यात
घोट्याच्या वर कधी गेलो नाही.

पोरांना मात्र हाकललं भरपूर.
हातात बाभळीची शिपटी, तोंडात शिव्या,
आणि त्यांचे कपडे उचलून चौकीत कुलपात.
त्यांत धुडकूचा निंबा होता.
भर बाजाराच्या दिवशी तो ओल्या चड्डीवर घरी गेला,
मग तीन वर्षं मला बघितलं की थुंकायचा.

तोच निंबा यंदा गोव्याहून परत आला.
किनाऱ्यावर खुर्च्या मांडायचं काम सुटलं म्हणे.
बगलेत एक फळी,
निळी, फोमची, एक कोपरा कुत्र्यानं चावलेला.
"आप्पा, आठे समुद्र नही,
पन तुना फॉल शे ना."

माझा फॉल.
एकवीसच्या दगडापाशी कालवा पाच फूट खाली उतरतो.
मी म्हटलं, तिथं नाही.
पायथ्याशी पाणी उलटं फिरतं,
तिथून मी दोघांना काढलंय
आणि दोघांपैकी कुणी माझ्याशी बोललं नाही.
शंभर पावलं खाली चल,
जिथं तळाची फरशी वर उचललीय.
तिथं मांडीभर पाण्यावर एक लाट उभी असते.
कुठून येत नाही, कुठं जात नाही.
नोंदवहीत मी तिला दर वर्षी
'किरकोळ खळबळ' लिहिलंय.

बाभळीला दोर, दोर माझ्या कमरेला.
फेब्रुवारीचं पाणी, गव्हाला सोडलेलं,
पोटाला लागलं तेव्हा तोंडातून आईचं नाव आलं.
पहिल्यांदा फळी गेली, मी राहिलो.
दुसऱ्यांदा मी गेलो, फळी राहिली.
तिसऱ्यांदा नाक बुडालं, आधी तिचं, मग माझं,
आणि कालव्याची चव कळली:
गाळ, शेवाळ, थोडं लोखंड.
एवढी वर्षं लोकांना पाजलं, मी कधी चाखलं नव्हतं.

काठावरून निंबा ओरडत होता,
"मांगे सरक! कोपरं आत ले!
पानीसंगे भांडू नको आप्पा!"
भांडायचं नाही तर काय करायचं,
हे मला साठाव्या वर्षी कुणी शिकवलेलं नव्हतं.

अकराव्या की बाराव्या वेळी
मी जरासा मागे सरकलो, हनुवटी वर केली,
आणि पडलो नाही.
एवढंच झालं.
लाट जागेवर, मी लाटेवर,
काठावरची बाभूळ होती तिथंच,
आणि सगळं पाणी माझ्या पोटाखालून
थरथरत निघालेलं, टेलच्या गावांकडे,
जिथल्या लोकांनी एकदा पाणी पोहोचत नाही म्हणून
मला समाजमंदिरात कोंडलं होतं.
जातंय रे बाबांनो, मी म्हटलं असेन, किंवा नुसता हसलो असेन.
छातीला कळत होतं किती जातंय.
आकडा आठवला नाही.

निंबा म्हणतो सात सेकंद.
मी नोंदवहीतला माणूस, मी नऊ लिहीन.

बाहेर आलो तर दगडावर पायजमा नाही.
सदरा नाही. टोपी तेवढी ठेवलेली.
पुलावर चार पोरं, पाय सोडून,
फार गंभीर चेहऱ्यानं पलीकडची केळी बघत होती.
निंबा आभाळ बघत होता.
मी टोपी घातली.
फळी पुढं धरून, दात वाजवत, भर दुपारी
गावातून चालत गेलो.
घरी कळण्याच्या दोन भाकरी खाल्ल्या,
तिसरी मागितली.
बायकोनं विचारलं नाही, नुसतं टॉवेलकडे बोट दाखवलं.

गुरुवारी गेट बंद होईल.
मग तिथं ओली फरशी, एखादी चप्पल,
डबक्यात अडकलेले मासे टिपायला बगळे.
पुढचं आवर्तन कधी,
हे विचारायला मी आज ऑफिसात गेलो होतो.
नवा साहेब म्हणाला, आप्पा, तुमची जमीन कुठं आहे?
मी म्हटलं, जमीन नाही.