बारीक धार

नारीनच्या वरच्या अंगाला, त्या हिवाळ्यात
दाराबाहेरची हात धुवायची टाकी तळापर्यंत गोठलेली.
बुरुलचा दाई घोड्यावरून उतरली ती थेट चुलीपाशी,
बाह्या कोपरावर सारून म्हणाली,
"कुमगन कोण धरतंय?"

मी धरला. नऊ वर्षांचा होतो.
लांब मानेचं ते भांडं, भरल्यावर मला पेलेना,
आणि पडद्याआड आई,
मला न ओळखू येणाऱ्या आवाजात.

"बारीक धार. सांडू नकोस."
काळा साबण. मग नखं, एकेक,
धान्यातले खडे वेचावेत तशी.
बेचक्या. अंगठ्याचं मूळ. मनगट.
वडील उंबऱ्यात तळमळत: "बाई, आटपा की!"
तिनं वळूनही पाहिलं नाही.
"जुमाबेक, एकदा आटपलं होतं मी.
त्या आटपण्याची एक कबर आहे
अत-बाशीच्या वाटेवर.
ओत रे."

पुन्हा साबण. पुन्हा धार.
धुतलेले हात झटकू नयेत, बरकत जाते,
असं आमच्याकडे मानतात.
तिनंही झटकले नाहीत,
वर धरून उभी राहिली, पाणी कोपरांवरून निथळू देत,
जणू ओंजळीत कुणीतरी आधीच आलंय.

पहाटे बहीण रडली.
आता ती बिश्केकला शाळेत शिकवते,
खडूनं माखलेले हात जेवणाआधी धुते,
भसाभस नळ सोडून, गप्पा मारत, अर्धे-मुर्धे.

मी काही बोलत नाही.
मागून हात घालून
नळ तेवढा बारीक करतो,
आणि उभा राहतो.