सव्वापाचातून पावणेतीन

अप्पा बळवंत चौकात, तिसऱ्या मजल्यावर
मी उदाहरणं लिहिते. इयत्ता सहावी, शाब्दिक,
पानाला बारा.
खाली टेम्पोतून गाइडांचे गठ्ठे उतरत असतात.
दातरंगे सर म्हणतात, वजाबाकी खरी वाटली पाहिजे,
उत्तर मात्र सुटसुटीत यावं.

म्हणून मी डब्यातून तेल काढते,
हडपसरच्या टाकीतून पाणी सोडते,
दोरी कापते, रिबीन कापते, कलिंगड कापते.
माझी माणसं कधी विचारत नाहीत, का.
मागच्या आवृत्तीतला मधुकर यंदा ओजस झाला;
दोरी तेवढीच, कापायची तिथेच.

अवघड जागा एकच.
वरच्या एका पावातून खालचे तीन पाव जात नाहीत.
मग शेजारच्या पाचाकडे जायचं,
त्यातला एक मागायचा, मोडायचा,
चार पाव करून इकडे आणायचे.
मुलं इथेच चुकतात:
एक आणतात, आणि पाच तसाच ठेवतात,
जणू घेतल्याचं कुणाला कळणारच नाही.

नाना गंज पेठेत शिवायचे.
छेद म्हणजे त्यांना काजाचं भोक.
पण पाऊणकी पाठ, सवायकी पाठ, औटकीसुद्धा.
मी वहीत पाच पूर्णांक एक छेद चार
नीट रेघ मारून मांडेपर्यंत
ते टाचण्या दातांत धरूनच म्हणत, "अडीच."
कसं काढलं विचारलं
तर गल्ला उघडून चिल्लर खुळखुळवत.
"मोड असली की जमतं सगळं."

मार्चात दुकान रिकामं केलं.
सगळ्यात वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात,
राखाडी सुटिंगचा एक गठ्ठा.
चिठ्ठी टोचलेली: रसाळ, खडकी. आणले सव्वापाच.
आधी बापाची सफारी, मग मुलाची.
ट्रायल सोमवारी.
कुठला सोमवार, ते नाही.

बापाची पावणेतीनात बेतलेली,
खडूच्या रेघा अजून ताज्या,
एक बाही कच्च्या टाक्यावर लटकलेली.
मुलाचं कापड घडीतच.
मी सवयीनं टेप लावला.
सव्वादोन.
परत लावला. पुन्हा सव्वादोन.
तीस वर्षं ज्यांचं तोंडी उत्तर चुकलं नाही
त्यांचं कापड पावभर कमी.

मग घरी येऊन माळा उपसला.
माझी सहावीतली कंपासची पिशवी,
नाडीची, राखाडी,
आत दुहेरी शिवण, कर्कटकाचं टोक बाहेर येऊ नये म्हणून.
वर्गात सगळ्यांच्या पत्र्याच्या पेट्या होत्या.
मी रडले होते. किती रडले असेन
की त्यांनी गिऱ्हाइकाच्या घडीला कात्री लावली?

चिठ्ठी उलटी करून पाहिली.
मागे शिसपेन्सिलीत, त्यांच्या तिरक्या अक्षरात:
पाव देणे.

रसाळ आलेच नाहीत. किंवा आले, आणि दुकान बंद होतं.
खडकीत मी दोन रविवार विचारलं.
एक रसाळ भेटले, ते वेगळेच,
त्यांनी चहा पाजला.

काल रविवार पेठेत पाव मीटर राखाडी मागितलं.
दुकानदार हसला, ताई, पावात काय होणार?
पिशवी होते, म्हटलं.
रंग जरा निळसर मिळाला.
तसाच त्या घडीत ठेवलाय.

बाराव्या उदाहरणाची जागा अजून रिकामी आहे.
मी तीनदा लिहिलं: एका शिंप्याकडे सव्वापाच मीटर कापड होते,
आणि तीनदा "होते"पाशी थांबले.
सरांचा निरोप आलाय, पान अडलंय.
खालून गठ्ठेवाला ओरडतोय,
सुट्टे आहेत का कुणाकडे, सुट्टे?